मालकी ग्राहकाची, ताबा कंपनीचा

२०१७ च्या ऑगस्टमध्ये 'डीजेआय' या चिनी कंपनीने आपल्या 'स्पार्क' ड्रोनच्या ग्राहकांना कळवले की १ सप्टेंबरपर्यंत नवे फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतले सॉफ्टवेअर, टाकून घ्या; न टाकल्यास त्यानंतर ड्रोन उड्डाणच घेणार नाही. काही स्पार्क उडता उडता हवेतच बंद पडून कोसळल्याच्या तक्रारी आल्या होत्या आणि त्यावर हा इलाज होता. हेतूत खोट काढण्याचे कारण नाही. वरून पडणारे यंत्र कोणाच्या डोक्यात पडेल याचा नेम नसतो. पण या सूचनेने एक गोष्ट उघड केली. पैसे मोजून विकत घेतलेली, बिल फाडलेली, घरच्या कपाटात ठेवलेली वस्तू कंपनीच्या शेन्झेनमधल्या कार्यालयातून ठरावीक तारखेला जमिनीला खिळवता येते. त्याच वर्षी मे महिन्यात कंपनीने आणखी एक नियम जाहीर केला होता: नव्या फर्मवेअरसोबत येणारी 'ॲक्टिव्हेशन'ची पायरी ज्याने पार केली नाही, त्याच्या रिमोटवर कॅमेऱ्याचे थेट चित्र दिसणार नाही आणि ड्रोन पन्नास मीटर अंतर व तीस मीटर उंची यापलीकडे जाणार नाही. जमिनीच्या व्यवहारात आपल्याकडे मालकी आणि ताबा हे दोन शब्द वेगळे ठेवतात, कारण सातबाऱ्यावर नाव एकाचे आणि नांगर दुसऱ्याचा ही अवस्था सगळ्यांच्या परिचयाची आहे. ड्रोन घेणारा नेमका या अवस्थेत असतो. बिलावर नाव त्याचे, ताबा कंपनीचा.

ग्राहकांचा वैताग सहसा सुट्या तक्रारींच्या रूपात बाहेर पडतो. अपडेट टाकल्यावर बॅटरी लवकर उतरू लागली, कॅमेरा वाकडा झाला, सर्व्हिस सेंटरने चूक तुमचीच म्हणून हात वर केले, वॉरंटी आठवड्यापूर्वी संपली होती. या तक्रारी वेगवेगळ्या वाटल्या तरी त्यांचे मूळ एकच आहे. कंपनीच्या हुकमतीची मुदत आणि तिच्या जबाबदारीची मुदत यांचा मेळ बसत नाही. वॉरंटी साधारण वर्षभराची, काही देशांत दोन वर्षांची. यंत्रात दुरून फेरफार करण्याच्या अधिकाराला मात्र शेवटची तारीखच नाही. जबाबदारी बारा महिन्यांत फिटते आणि अधिकार तहहयात राहतो. माझे म्हणणे एवढेच, की या दोन मुदती एकमेकींना बांधल्या पाहिजेत. जोवर कंपनी यंत्राचे वागणे बदलू शकते, तोवर त्या बदलाचे जे काही होईल ते तिच्याच पदरात पडले पाहिजे, मग वॉरंटीचे कार्ड काहीही म्हणो.

हे नीट कळण्यासाठी फर्मवेअर ड्रोनमध्ये काय करते ते जवळून पाहिले पाहिजे. मिक्सरमध्ये मोटर असते आणि बटण असते. ड्रोनमध्ये या दोहोंच्या मधे फर्मवेअर नावाचा एक हिशेबनीस बसलेला असतो. चार पात्यांपैकी कोणते किती वेगाने फिरवायचे हे तो दर सेकंदाला शेकडो वेळा ठरवतो, आणि त्यासाठी होकायंत्र, उपग्रहांचे सिग्नल, उंची मोजणारा सेन्सर, बॅटरीचा व्होल्टेज या सगळ्यांचा मेळ घालतो. उडवणारा रिमोटची कांडी पुढे ढकलतो तेव्हा तो मोटर चालवत नसतो, या हिशेबनिसाकडे विनंती करत असतो. बॅटरी किती उतरली की ड्रोनने स्वतःहून परत फिरायचे आणि किती उतरली की आहे तिथेच खाली उतरायचे, हेही तोच ठरवतो. म्हणून अपडेटने बदलतो तो रंगरंगोटीचा भाग नव्हे. उडणे म्हणजे जे काही आहे तेच बदलते. शिवाय फर्मवेअर एका जागी नसते. ड्रोनचे वेगळे, रिमोटचे वेगळे, 'स्मार्ट' बॅटरीच्या आतल्या चिपचे वेगळे. तीन बॅटऱ्या असतील तर प्रत्येक बॅटरी आळीपाळीने घालून अपडेट करावी लागते, नाहीतर ॲप फर्मवेअर जुळत नसल्याची सूचना दाखवत राहते. मोबाईल, रिमोट आणि ड्रोन तिन्हींचे चार्जिंग पुरेसे हवे, इंटरनेट हवे, आणि तेवढा वेळ ड्रोनचा छोटा पंखा घरघरत आणि दिवे लुकलुकत असताना कशालाही हात लावायचा नाही. मधेच वीज गेली किंवा नेट तुटले की पुढची उस्तवार ज्याची त्याने करावी. इतके झाल्यावर बदलले काय, हे वाचायला जावे तर बहुतेक वेळा एक-दोन ओळी: काही किरकोळ दोष दूर केले, स्थिरता सुधारली. कोणते दोष, कशाची स्थिरता, ते कंपनी जाणे.

या मौनाची किंमत काय असू शकते ते विमान उद्योगाने २०१८ आणि २०१९ मध्ये पाहिले. बोइंग ७३७ मॅक्स या विमानात नाक खाली दाबणारी 'एमकॅस' नावाची संगणकीय यंत्रणा बसवली होती आणि तिची नीट माहिती वैमानिकांना दिलेली नव्हती. इंडोनेशिया आणि इथिओपियातल्या दोन अपघातांत मिळून ३४६ माणसे गेली. खेळण्याएवढ्या ड्रोनची तुलना प्रवासी विमानाशी करणे अतिशयोक्ती आहे हे मान्य. तत्त्व मात्र तेच राहते: जो उडवतो त्याला, यंत्र स्वतःच्या मनाने केव्हा आणि काय करील, हे आधी ठाऊक असले पाहिजे. मोठ्या विमानांच्या जगात दोष सापडला की नियामक संस्था उड्डाणयोग्यतेचा लेखी आदेश काढते. दोष काय, कोणत्या विमानांत, दुरुस्ती कशी आणि किती दिवसांत करायची, हे त्यात असते आणि तो कोणालाही वाचता येतो. ड्रोन कंपन्यांना विमानांसारखा दरारा हवा असतो, पण हा कागद नको असतो.

आता वॉरंटीकडे. कोसळलेला ड्रोन सर्व्हिस सेंटरला गेला की प्रश्न एकच: दोष यंत्राचा की उडवणाऱ्याचा? उडवणाऱ्याच्या चुकीने झालेला अपघात वॉरंटीत बसत नाही, आणि ते रास्तच आहे. पात्यांना वॉरंटी नसते, बॅटरीच्या वॉरंटीला महिन्यांबरोबर चार्जिंगच्या आवर्तनांचीही मर्यादा असते, तेही समजण्यासारखे. इथवर तक्रार नाही. घोडे पेंड खाते ते पुराव्यापाशी. उड्डाणाची क्षणाक्षणाची नोंद ड्रोनमध्ये साठलेली असते, पण तिचा महत्त्वाचा भाग सांकेतिक स्वरूपात असतो आणि किल्ली कंपनीकडे. म्हणजे ज्या फर्मवेअरवर शंका आहे ते कंपनीचे, त्याने लिहिलेली नोंद कंपनीला वाचता येणारी, आणि निवाडा करणाराही कंपनीचाच माणूस. कोणत्याही गावच्या पंचायतीत प्रतिवादी, साक्षीदार आणि पंच एकच माणूस चालणार नाही. इथे तोच रिवाज आहे. त्यावर उतारा म्हणून कंपन्या जादा पैसे घेऊन संरक्षण योजना विकतात: वर्षाचा हप्ता भरा, ड्रोन आपटला तरी ठरलेली रक्कम घेऊन बदलून देऊ. योजना वाईट नाही, अनेकांना तिचा उपयोगही होतो. पण चूक कोणाची हा प्रश्न तिच्यामुळे सुटत नाही, त्याचे तोंड बंद होते. आपल्याच फर्मवेअरने घातलेल्या गोंधळाचा विमा ग्राहकाच्या खिशातून काढायचा, असा हा प्रकार होऊ शकतो.

कंपनीने धंदाच गुंडाळला तर काय, याचे उत्तर 'गोप्रो'च्या 'कर्मा' ड्रोनने दिले. २०१६ च्या शरदात तो बाजारात आला. उडताना वीज तुटत असल्याचे दिसल्यावर नोव्हेंबरमध्ये सुमारे अडीच हजार ड्रोन परत मागवले गेले. बॅटरी जागेवर धरून ठेवणारी खिट्टी सैल होती. दुरुस्त करून २०१७ च्या फेब्रुवारीत पुन्हा विक्री झाली, आणि २०१८ च्या जानेवारीत गोप्रोने ड्रोनच्या धंद्यातून अंग काढून घेत असल्याचे जाहीर केले. मग २०२० च्या जानेवारीत जगभरचे कर्मा अचानक जमिनीला चिकटले. उपग्रहांचे सिग्नल मिळेनात, होकायंत्र जुळेना, आणि त्यामुळे उड्डाणच होईना. मोटरी ठीक, पाती ठीक, बॅटरी ठीक. आतला हिशेब चुकलेला. काही आठवड्यांत कंपनीने दुरुस्तीचे फर्मवेअर दिले आणि ते पुन्हा उडू लागले. गोप्रोने हे केले याचे श्रेय तिला दिलेच पाहिजे, पण ते तिने मर्जीने केले. तिने मनावर घेतले नसते, तर धडधाकट यंत्रे अडगळीत गेली असती आणि मालकांना ती स्वतः दुरुस्त करण्याचा मार्गही नव्हता. याच्या नेमका उलट अनुभव अमेरिकेतल्या '३डी रोबोटिक्स'च्या 'सोलो' ड्रोनचा. २०१५ मध्ये आलेला हा ड्रोन बाजारात आपटला आणि पुढच्याच वर्षी कंपनी ड्रोन बनवण्यातून बाहेर पडली. पण सोलोचे उड्डाणाचे फर्मवेअर 'आर्डूपायलट' या मुक्तस्रोत प्रकल्पातले होते. कंपनी बाहेर पडल्यावर हौशी मंडळींनी 'ओपन सोलो' नावाने सुधारित आवृत्ती तयार केली आणि ती यंत्रे पुढे वर्षानुवर्षे उडत राहिली. धंदा म्हणून सोलो फसला. वस्तू म्हणून तो कित्येक यशस्वी ड्रोनपेक्षा जास्त काळ आपल्या मालकाचा राहिला.

माझ्या म्हणण्याच्या विरोधात बोलण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते हलक्यात घेऊ नये. सगळ्यात वजनदार आक्षेप सुरक्षिततेचा. २०१५ च्या जानेवारीत डीजेआयचा एक फँटम ड्रोन व्हाइट हाउसच्या हिरवळीवर येऊन पडला, तेव्हा डीजेआयने लगोलग सक्तीचे अपडेट काढून वॉशिंग्टनच्या मध्यवर्ती भागाभोवती पंचवीस किलोमीटरच्या परिघात उड्डाण बंद केले. अपडेट ऐच्छिक ठेवले असते तर जे बेजबाबदार, तेच ते टाकणार नव्हते. सक्तीला माझा विरोध नाही. सक्ती करणाऱ्याने सक्तीचे कारण सांगावे आणि तिच्या परिणामांना उत्तर द्यावे, एवढीच अट आहे. शिवाय या बाबतीत कंपनीची भूमिका स्थिर राहिली नाही. ज्या डीजेआयने उड्डाणबंदीचे कुंपण घातले, तिनेच २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेत ते काढून टाकले. आता ॲपमध्ये सरकारी नकाशा दिसतो, इशारा मिळतो, आणि पुढचा निर्णय व जबाबदारी उडवणाऱ्याची. हा बदलही एका अपडेटनेच झाला. धोरण म्हणून त्यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. पण कुठे उडायचे याची जबाबदारी ग्राहकाच्या गळ्यात घालायची आणि यंत्र कसे वागेल याचा अधिकार स्वतःकडे ठेवायचा, हे एकाच वेळी कसे चालेल?

दुसरा आक्षेप ग्राहकांवरचा आहे, आणि तो बराचसा खरा आहे. वाऱ्याचा अंदाज चुकतो, होकायंत्र लोखंडी पत्र्याजवळ जुळवले जाते, बॅटरी पाण्याच्या वर असताना संपते, आणि दोष लागतो कालच्या अपडेटला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, अशी उदाहरणे पैशाला पासरी मिळतील. मान्य. पण म्हणूनच नोंद दोन्ही बाजूंना वाचता आली पाहिजे. ग्राहक चुकला असेल तर ती नोंदच त्याचे तोंड बंद करील, आणि कंपनीला याहून स्वस्त वकील मिळायचा नाही. युरोपीय संघाने विक्रीच्या कायद्यात हा तिढा वेगळ्या बाजूने सोडवला: वस्तू हाती आल्यापासून किमान वर्षभरात दोष दिसला तर तो मुळातच होता असे धरायचे; नव्हता हे विक्रेत्याने सिद्ध करायचे. ज्याच्याकडे माहिती, त्याच्यावर पुराव्याचा भार. तिसरा आक्षेप, फर्मवेअर उघडे केले तर हॅकर घुसतील, फारसा टिकत नाही. कंपनीने स्वतःच्या सहीची, आधीची चाललेली आवृत्ती पुन्हा टाकण्याची मुभा दिली तर त्यात मूळ सोर्सकोड उघडा पडण्याचा प्रश्नच येत नाही. जुन्या आवृत्तीत सुरक्षेचा खराखुरा दोष असेल तर तेवढी वगळावी आणि तसे लिहावे. किमती वाढतील हा चौथा आक्षेप, थोड्या वाढतीलही. युरोपात दोन वर्षांची कायदेशीर हमी आहे आणि तिथला बाजार ओस पडलेला नाही.

कायदे कुठवर आलेत ते पाहिले तर चित्र अर्धे आशादायक आहे. भौतिक दोषाच्या बाबतीत, माल बंद झाला तरी जबाबदारी उरते हे अमेरिकेत रुळलेले तत्त्व आहे. 'स्नॅप' कंपनीने 'पिक्सी' नावाचा पिटुकला ड्रोन २०२२ च्या एप्रिलमध्ये आणला आणि चारच महिन्यांत थांबवला. तरीही बॅटरी फुगून पेट घेण्याच्या धोक्यामुळे २०२४ मध्ये सुमारे ७१ हजार ड्रोन परत मागवून पैसे परत करावे लागले. बॅटरी फुगली तर पैसे परत. फर्मवेअर सडले तर मात्र ग्राहकाचे नशीब, हा भेद आता हळूहळू पुसला जातो आहे. युरोपात २०२२ पासून, ज्या वस्तूंत संगणकीय भाग आहे त्यांना वाजवी काळ अपडेट देणे ही विक्रेत्याची कायदेशीर जबाबदारी ठरली. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून, इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या घरगुती वस्तूंच्या उत्पादकाला सुरक्षा अपडेट किमान कोणत्या तारखेपर्यंत देणार हे जाहीर करावे लागते. कॅलिफोर्नियात शंभर डॉलर वा त्याहून महाग इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी सुटे भाग, हत्यारे आणि माहितीपुस्तिका सात वर्षे उपलब्ध ठेवण्याचा नियम १ जुलै २०२४ पासून लागू झाला. यांतला सगळ्यात साधा आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा उपाय ब्रिटनचा आहे. तो कंपनीला किती वर्षे द्या असे सांगत नाही. जे देणार ते आधी लिहा, एवढेच म्हणतो.

भारतात हा प्रश्न दोन अगदी भिन्न लोकांपुढे उभा आहे. एक, लग्नसराईत ड्रोनने शूटिंग करणारे. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी बनावटीच्या तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांच्यासाठीच अपवाद. तरी चोरवाटेने आलेले ड्रोन मंगल कार्यालयांच्या मांडवांवर घिरट्या घालतात. त्यांच्या मालकांना ना धड बिल, ना आयातदार, ना वॉरंटी. अपडेट मात्र ॲपमधून नेमाने येते. नियम मोडून घेतलेल्या वस्तूची दाद मागता येत नाही, आणि त्यांच्याबद्दल सहानुभूती वाटली तरी धोरण त्यांच्यासाठी बदलावे असे कोणी म्हणणार नाही. दुसरा वर्ग मात्र सरकारनेच तयार केलेला आहे. 'नमो ड्रोन दीदी' योजनेत १५ हजार महिला बचत गटांना फवारणीचे ड्रोन देण्यासाठी १,२६१ कोटी रुपयांची तरतूद झाली; किमतीच्या ऐंशी टक्के, कमाल आठ लाख रुपये अनुदान, आणि उरलेले गटाने स्वतः किंवा कर्ज काढून उभे करायचे. या पॅकेजमध्ये एक वर्षाची जागेवरची वॉरंटी, एक वर्षाचा विमा आणि दोन वर्षांचा देखभाल करार धरलेला आहे. म्हणजे खिळा, नळी, नोझल यांचा विचार झाला आहे. पण तयार ड्रोनच्या आयातीला बंदी असली तरी सुट्या भागांना मोकळीक आहे. त्यामुळे ड्रोनवर नाव देशी कंपनीचे आणि आतला हिशेबनीस परदेशी, असे असू शकते. कपाशीवर किडीचा हल्ला झाला की फवारणीला मोजके दिवस मिळतात. त्या दिवसांत अपडेटमुळे ड्रोन अडला, तर दीदीने फोन कोणाला लावायचा, आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई कोण देणार, हे करारात स्पष्ट हवे.

आपला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा इथे अगदीच निरुपयोगी नाही. धंद्यासाठी घेतलेली वस्तू त्यात बसत नाही, पण केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली बसते, म्हणजे एकट्याने व्यवसाय करणारा फोटोग्राफर किंवा ड्रोनचालक ग्राहक ठरू शकतो. 'अनुचित करार' ही नवी संकल्पनाही त्यात आली. गंमत अशी, की अनुचित कराराची तक्रार जिल्हा आयोगापुढे चालत नाही; त्यासाठी राज्य आयोग गाठावा लागतो. अटी न वाचता 'ॲग्री' दाबायला खेड्यातून कुठे जावे लागत नाही, त्या अटींविरुद्ध मात्र थेट राज्य आयोगापर्यंत जावे लागते. दुसरीकडे, दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये जे काम सुरू केले त्यात शेतीची अवजारे हे चार प्रमुख क्षेत्रांपैकी एक आहे. अमेरिकेत ट्रॅक्टर दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरवरून 'जॉन डिअर'वर तिथल्या व्यापार आयोगाने २०२५ च्या जानेवारीत खटला भरला, यावरून शेतीच्या यंत्रात फर्मवेअरचा वाद किती खोल जातो ते दिसते. फवारणीचा ड्रोन हे शेतीचे अवजारच आहे. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने ते तसे लेखी जाहीर करावे आणि अनुदानाच्या पैशातून घेतल्या जाणाऱ्या प्रत्येक ड्रोनच्या करारात तीन अटी घालाव्यात: अपडेट कोणत्या तारखेपर्यंत मिळेल, आधीची आवृत्ती परत टाकता येईल, आणि उड्डाणाची नोंद मालकाला वाचता येईल. सरकार हेच इथले मोठे गिऱ्हाईक असल्याने नव्या कायद्याची वाट पाहण्याचीही गरज नाही. आणि जे स्वतःच्या पैशाने ड्रोन घेणार आहेत त्यांनी कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे विचारण्याआधी अपडेटची शेवटची तारीख विचारावी आणि ती बिलावर लिहून घ्यावी. दुकानदार लिहून देत नसेल तर तो ड्रोन घेऊ नये.